आठ मुक्काम

गाडी घेऊन चार महिने झाले आणि ती हिंजवडीच्या पुढे कुठे गेलीच नव्हती. सेकंडहँड हिमालयन. ऑफिसातल्या पब्लिकने तर बोलणंच सोडलं होतं. "लडाख कधी?" वरून "लोणावळा तरी कधी?" वर आले होते लोक. शेवटी रिलीज संपलं, प्रॉडक्शनवर काही पेटलं नाही, आणि 8 नोव्हेंबर 2025 चा शनिवार चक्क मोकळा मिळाला. आता जायचं कुठे? महाबळेश्वरला म्हणजे ट्रॅफिक बघायला जाणं. कोकणात दोन दिवसांत पोचून परत येणं हा छळ. पप्पा पेपर वाचत होते, ते वर न बघताच म्हणाले, "गावाकडं जाऊन ये. आजी विचारत असती."

गाव म्हणजे बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातलं, बालाघाटच्या डोंगरातलं. आम्ही राहतो मोशीला. गावाला आजवर गेलो ते रात्रीच्या बसने. रात्री पिंपरीला बसायचं, मान वाकडी करून झोपायचं आणि पहाटे कंडक्टर ओरडला की उतरायचं. मधे काय आहे ते मी अठ्ठावीस वर्षांत कधी उजेडात बघितलंच नव्हतं. म्हटलं चला.

इंजिनीअर माणूस काय करणार? एक्सेल शीट केलं. टप्पा, किलोमीटर, पेट्रोल, चहा, अपेक्षित वेळ. एकूण तीनशे किलोमीटरच्या आसपास. गंमत म्हणजे चाकणपासून केजपर्यंत एकच रस्ता आहे, राष्ट्रीय महामार्ग 548 डी. चाकण, शिक्रापूर, न्हावरे, काष्टी, श्रीगोंदा, माहीजळगाव, जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा, केज. तिथून डावीकडे धारूर. म्हणजे आमच्या घराजवळून निघणारा रस्ता जवळजवळ थेट आमच्या गावात जातो, आणि हे मला गूगल मॅप्सने सांगितलं.

सकाळी सहाला निघालो. चाकण-शिक्रापूर रस्त्याबद्दल काही बोलत नाही. ज्यांनी तो केलाय त्यांना माहितीये, ज्यांनी नाही केला त्यांनी करू नये. कंटेनरच्या मागे कंटेनर. शिक्रापूरचा चौक ओलांडून तळेगाव ढमढेरेच्या पुढे गेलो आणि मग कुठे हेल्मेटच्या आत थंड हवा शिरली. थंडी पडायला नुकती सुरुवात झाली होती. न्हावऱ्याच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. अंगावर येतो इतका ऊस. त्याला तुरे आले होते आणि त्यावर तिरपं ऊन. थांबून फोटो काढले, गाडी उसाला टेकवून वगैरे. स्टेटसला पण टाकला. "इनटू द ग्रीन" असं काहीतरी भंपक लिहिलं होतं, ते आता काढून टाकलंय. का ते पुढे येईल.

घोड नदीच्या अलीकडे इनामगाव लागतं. हे नाव शाळेच्या इतिहासात वाचलेलं आठवत असेल. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी 1968 पासून बरीच वर्षं इथे उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव सापडलं. तेव्हाही पाटाने पाणी आणायचे म्हणे. मला त्यातली एक गोष्ट लक्षात राहिलीये. सुरुवातीच्या लोकांची घरं मोठी आणि चौकोनी होती. पुढे पाऊस कमी झाला, शेती पिकेना, आणि शेवटच्या काळात तिथे राहिल्या त्या नुसत्या लहान गोल झोपड्या. माणसं अर्धी भटकी झाली. ढवळीकरांनी हे असं मांडलंय. मी पुलावर गाडी थांबवून नदी बघितली. पाणी भरपूर होतं.

काष्टीला शनिवारी जनावरांचा बाजार असतो हे एक्सेलमध्ये नव्हतं. पिकअपमध्ये बैल, टेम्पोत बैल, रस्त्यात बैल. पाऊण तास तिथेच गेला. चहा घेतला. चहावाला म्हणाला, "आता कारखानं सुरू झाली ना, बैलाला मागणी हाय." मी मान डोलावली. मला त्यातलं काहीही कळलं नव्हतं.

श्रीगोंद्याच्या पुढे ऊस हळूहळू विरळ होतो. आधी मधेच एखादं ज्वारीचं रान, मग ज्वारीच ज्वारी, मग तीही नाही. माहीजळगावला नगर-सोलापूर रस्ता ओलांडला की आभाळ एकदम मोठं होतं. माळ, मेंढरं, बाभळी. पुढे सीना नदी. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत ही नदी वेड्यासारखी वाढली होती. दीड महिन्यानंतरही काठच्या बाभळींवर, माझ्या डोक्याच्या वर, पुराने आणलेला कचरा आणि प्लास्टिक लटकत होतं. कडेच्या रानांतून माती खरवडून गेलेली, खाली नुसता मुरूम. दुष्काळी भागात पूर. आमच्याकडे बग रिपोर्टला असं काही आलं तर आम्ही "नॉट रिप्रोड्युसिबल" म्हणून परत पाठवतो.

आणि साधारण इथपासून समोरून ते यायला लागले.

पहिला ट्रॅक्टर बघितला तेव्हा वाटलं कुणाचं तरी बिऱ्हाड चाललंय. मागे दोन ट्रॉल्या. त्यांत पत्रे, बांबू, पाण्याचे ड्रम, चुलीची लाकडं, गोधड्या, एक सायकल, दोन शेळ्या, आणि या सगळ्याच्या वर माणसं. लहान पोरं ट्रॉलीच्या कडेला धरून बसलेली. मग दुसरा. मग तिसरा. जामखेडपर्यंत मी अकरा मोजले. ऊसतोडीच्या टोळ्या. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिमेकडे आणि कर्नाटकात निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी त्या रस्त्याने उलटा, मजेसाठी, दोनशे किलोमीटर जाऊन दुपारी जेवायला कुठे थांबावं याचा विचार करत होतो.

जामखेड सोडलं की सौताड्याचा घाट लागतो. घाट कसला, चढ म्हणा. पण याला मान द्यायला हवा. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत इथे कुठेतरी दोन राज्यांची हद्द होती. खाली जामखेड आधी इंग्रजांचं, मग स्वतंत्र भारताचं, वर पाटोदा निजामाचं. त्याआधी 1795 ची मराठे आणि निजामाची ती प्रसिद्ध लढाई झाली तेही खर्डा, याच जामखेड तालुक्यातलं. नगरकडची जुनी माणसं अजूनही वरच्या भागाला "मोगलाई" म्हणतात. सौताड्याला विंचरणा नदी सरळ दरीत उडी मारते. खाली रामेश्वराचं देऊळ. पाऊस चांगला झालेला असल्यामुळे नोव्हेंबरातही धबधबा जिवंत होता. बघण्यासारखी जागा आहे. पुण्याची गर्दी अजून पोचलेली नाही, त्यामुळे जास्त सांगत नाही. :)

वर आलं की बालाघाटचं पठार. पवनचक्क्या, काळे दगड, कापूस वेचणाऱ्या बाया आणि रस्त्याच्या कडेला टोपल्यांमध्ये सीताफळं. बीडच्या सीताफळाला 2016 साली जीआय मिळालाय. ते झाड पाणी मागत नाही, जनावर त्याला तोंड लावत नाही, त्यामुळे इथे टिकलं. डझनभर घेतली आणि मूर्खासारखी सॅडलबॅगेत सगळ्यात खाली ठेवली.

पाटोद्याच्या पुढे मागचा टायर बसला.

ट्यूबचा टायर. माझ्याकडे किट होतं, व्हिडिओ तीन वेळा बघितला होता, आणि प्रत्यक्षात चाकाचा नट हलेना. अर्धा तास घामाघूम झालो. पन्नासेक पावलांवर लिंबाखाली एक टोळी जेवायला थांबली होती. त्यांचा ड्रायव्हर तोंड पुसत आला, खाली बसला, बघितलं आणि म्हणाला, "दादा, सरका तुम्ही." ट्रॉलीतून लांब पान्हा आणला, दोन टॉम्या आणल्या, पाच मिनिटांत ट्यूब बाहेर. पॅच, सोल्यूशन, पंप, सगळं त्यांच्याकडे होतं. दोनशे किलोमीटर जुन्या टायरांवर दोन ट्रॉल्या ओढायच्या तर असणारच.

भोक शोधायला पाणी लागतं. एका ताईंनी ड्रममधून घमेलंभर पाणी काढून आणलं. तिशीच्या असतील नसतील. ट्यूब बुडवली, बुडबुडे आले. ताईंनी विचारलं, "कोण्या गावचे?"

मी म्हणालो, "पुण्याचा."

हे मी सवयीने म्हणतो. कॉलेजमध्ये म्हणायचो, ऑफिसात म्हणतो. गेल्या वर्षभरात तर जास्तच. डिसेंबर 2024 मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि त्यानंतर बीड म्हटलं की समोरचा भुवई वर करतो. "बीड? बापरे, जरा जपून राहायला पाहिजे तुझ्याशी!" मीही हसतो. कोण समजावत बसणार. पण इथे, पाटोद्याच्या रस्त्यावर, धारूर तालुक्यातल्या टोळीला (ट्रॉलीवर गावाचं नाव होतं, आमच्यापासून दहा किलोमीटर) मी पुण्याचा म्हणून का सांगावं?

ड्रायव्हरने ट्यूब घासता घासता विचारलं, "आडनाव काय?"

सांगितलं.

तो हसायलाच लागला. "मंग पुण्याचे कशाचे? हिकडलेच की तुम्ही!"

माझी चांगलीच जिरली. गावाचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं. टोळीतल्या एका म्हाताऱ्याला आजोबा माहीत होते. मग मला उठूच देईनात. भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वर शेंगदाण्याची चटणी. पैसे काढले तर ड्रायव्हर म्हणाला, "ठिवा. गावच्या माणसाचं पंक्चर हाय."

ताईंची मुलगी सहावीत. भावाला कडेवर घेऊन माझं हेल्मेट बघत होती. घातलं तिच्या डोक्यावर, तर आतून खोल आवाजात काहीतरी बोलली आणि सगळे हसले. शाळेचं विचारलं. ताई म्हणाल्या, "आल्यावर जाईल की परत." एप्रिलमध्ये. म्हणजे परीक्षेला. गावात हंगामी वसतिगृहाची सोय असते खरी, पण धाकटा दीड वर्षाचा होता आणि आईचे दोन्ही हात कोयत्याला लागणार.

या धंद्यात नवरा-बायको मिळून एक "कोयता". माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. मुकादम कोयत्यामागे उचल देतो, आणि ती हंगामभर तोडून फेडायची. एक दिवस आजारी पडलं तर "खाडा", त्याचे पैसे कापले जातात. बाईची पाळी, बाळंतपण, सगळं त्या खाड्याच्या हिशोबात येतं. 2019 मध्ये सरकारने समिती नेमून बीड जिल्ह्यात पाहणी केली. 82 हजारांवर ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. ही बातमी मी तेव्हा कॉलेजमध्ये मोबाईलवर वाचली होती आणि खाली सरकवली होती.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"काष्टीच्या अलीकडं. घोडाच्या कडंला."

मी सकाळी जिथे फोटो काढले ते. मी सांगितलं, मी तिथूनच आलो, ऊस जोरात आहे. ताई म्हणाल्या, "जोरात असला तर बरं. पडलेला असला तर लई वैताग." पडलेला ऊस तोडायला वेळ जास्त लागतो आणि पैसे टनावर मिळतात. माझ्या फोटोत पुढचा सगळा ऊस आडवा होता. ते मी बोललो नाही.

मांजरसुंबा, नेकनूर, मस्साजोगची पाटी, केज... हा पट्टा मी डोकं बंद करून चालवला. गावात पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. एक्सेलप्रमाणे दीड.

आजी ओट्यावर बसली होती. गाडी, हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, सगळं वरून खाली बघून म्हणाली, "हे काय घातलंस माय?" मग सीताफळं काढली. तळातल्या आठांचा लगदा झाला होता. आजीने तो पण वाटीत काढला.

"कव्हा निघालास?"

"सहाला."

"मोशीवरून सहाला निघून आत्ता पोचलास? लवकर आलास की."

मी म्हटलं, अगं तीन तास उशीर झाला. तर म्हणाली, "आम्हाला आठ मुक्काम लागायचे. ते बी काष्टीलोक."

मला आधी कळलंच नाही. आजी-आजोबा ऊसतोडीला जायचे हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण कुठे, कसे, हे कधी कुणी बोललेलं नाही. पप्पा विषय बदलतात. आजीला मात्र काहीच अडचण नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं तिला आजवर! बहात्तरच्या दुष्काळात तिने खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि पुढच्या हंगामात आजोबांनी बैलगाडीसकट टोळीत नाव दिलं. प्रवरेचा पहिला सहकारी कारखाना 1950 चा. त्यानंतर एकेक कारखाना निघत गेला आणि त्यांना तोडणारे हात आमच्या डोंगरातून गेले. ट्रॅक्टर तेव्हा नव्हता. बैलगाडीने जायचं.

मी मोबाईलवर मॅप उघडून तिच्यासमोर धरला. तिला वाचता येत नाही. पण मी नावं वाचत गेलो आणि ती सांगत गेली. पहिला मुक्काम केजच्या अलीकडे, ओढ्याला. दुसरा नेकनूरला, तिथल्या विहिरीवर बैलांना पाणी पाजू द्यायचे. मांजरसुंब्याला पाणी विकत, म्हणून तिथे थांबायचं नाही, पुढे जायचं. पाटोदा. सौताड्याचा उतार, तिथे बाया-पोरांनी खाली उतरून चालायचं आणि गड्यांनी गाडीला मागून दोर लावून धरायचं. "गाडी बैलाच्या अंगावर येती," ती म्हणाली. जामखेड. सीनेच्या वाळूत एक मुक्काम, तो तिचा सगळ्यात आवडता, कारण वाळूत झरा उकरला की गोड पाणी लागायचं आणि बाया तिथे डोक्यावरून अंघोळ करायच्या. तिचा सगळा नकाशा पाण्याचा होता. माझा पेट्रोल पंपांचा.

मग घोड नदी. "तिथं फाट्याच्या कडंला आमची कोपी व्हती," आजी म्हणाली. कोपी म्हणजे बांबू वाकवून, चटई आणि पाचट टाकून केलेली झोपडी. वाकून आत जायचं. गोल.

"तिथंच तुझा बाप झाला."

मी विचारलं, कुठे?

"कोपीत. माघात. दुपारी मोळ्या वाहिल्या अन् राती झाला. सहाव्या दिवशी गेले मी फडात, खाडा परवडत नव्हता." ती सीताफळाच्या बिया एकेक करून ताटलीच्या कडेला लावत होती. "लई थंडी व्हती. तुझ्या आजोबानं बैलाची झूल काढून दिली त्याला गुंडाळायला. बैल रातभर तसाच."

म्हणजे माघ, 1974. पप्पांच्या सगळ्या कागदांवर जन्मठिकाण गावाचं आहे. शाळेच्या दाखल्यावर, पासपोर्टवर. दाखल्यावर तर 1 जून आहे, त्या काळच्या बहुतेक सगळ्यांची असते तशी. पप्पा सहा वर्षांचे झाल्यावर आजीने त्यांना पणजीजवळ गावात ठेवलं, शाळेसाठी. हंगामाचे सहा महिने आई-बाप नाहीत. मग आयटीआय, मग भोसरी एमआयडीसीत फिटर, मग मोशीचा फ्लॅट, मग मी. आणि मी त्या दिवशी सकाळी तिथे गाडी उसाला टेकवून फोटो काढत होतो.

संध्याकाळी काकांबरोबर शेतात जाऊन आलो. कापूस अर्धा काळा पडलेला. बीडला आता रेल्वे आलीये, 17 सप्टेंबर 2025 ला पहिली गाडी सुटली, त्याबद्दल काका बराच वेळ बोलले. मंजुरी 1995 ची. काका म्हणाले, आमच्या अर्ध्या गल्लीला मात्र रेल्वेपेक्षा मुकादमाचा ट्रॅक्टरच बरा, दारात येतो. गल्लीत खरंच दर तिसऱ्या घराला कुलूप होतं आणि ओट्यावर एकेक म्हातारं माणूस.

रात्री गच्चीवर रेंज येते. पप्पांना फोन केला.

"पोचलास का? किती तास लागले?"

"साडेदहा. पंक्चर झालं होतं."

"कुठं?"

"पाटोद्याच्या पुढे. एका टोळीने काढून दिलं." थोडं थांबून विचारलं, "पप्पा, तुमचा जन्म कुठला?"

"पासपोर्टवर बघ की."

मी काही बोललो नाही. तिकडून टीव्हीचा आवाज येत होता, मग तो बंद झाला.

"आईनं सांगितलं वाटतं," पप्पा म्हणाले.

"हो."

"बैलाचं पण सांगितलं?"

"सांगितलं."

"त्याचं नाव सर्जा होतं. मी चौथीत असताना गेला." मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं रेंज गेली. "उद्या कोणत्या रस्त्यानं येणार?"

"त्याच."

"काष्टीच्या अलीकडं फाट्याला एक जुना लिंब होता. आता असेल का माहीत नाही. उजेडात ये. गाडी हळू चालव."